निमुळती बैठक

एकदा एका दंतवैद्याच्या शिष्याचे मन कशातच लागेना. त्याने सुपारीच्या एका व्यापाऱ्याला कृत्रिम दाढ बसवून दिली होती. हाडात रोवलेला खांब, खांबावर दाढ, आणि दोन्हींना धरून ठेवणारा एक बारीक स्क्रू. व्यापारी सुपारी दाढेखाली फोडूनच पारखायचा. दाढ सारखी सैल व्हायची आणि शिष्य सारखा स्क्रू आवळायचा.

आज व्यापारी दारातूनच कडाडला, "अहो छोटे डॉक्टर, दाढ बसवलीत की पाळणा टांगलात? यापुढे हलली तर सगळ्या बाजारात सांगेन!"

शिष्य घाईने आत वृद्ध गुरूंकडे गेला. "सर, अजून जोरात आवळू का? एवढेही जमत नसेल तर हे काम सोडलेलेच बरे."

गुरूंनी कपाटातून सरावाचे दोन खांब काढले. एकाचा माथा सपाट होता. त्यावर दाढ स्क्रूने घट्ट आवळलेली. दुसऱ्यात खोल, निमुळता खळगा होता. त्यात तशाच निमुळत्या बुडाची दाढ ठेवून, स्क्रू न लावताच, त्यांनी वरून हातोडीचा ठोका दिला.

"सर, फुटेल!"

"आता ओढ."

शिष्याने ओढली, पिळली. दाढ हलेना. मग गुरू सपाट माथ्यावरच्या दाढेला बाजूने ठोके देत राहिले. हळूहळू ती डुगडुगू लागली.

"सपाट बैठकीवर चावण्याचा तिरका जोर एकट्या स्क्रूवर येतो," गुरू म्हणाले. "फार आवळलास तर तो तुटेल. निमुळत्या बैठकीत भिंतीही भार घेतात. वरून आलेला जोर दाढेला आणखी आत बसवतो. तूही रोज स्वतःला आवळतोस, आणि कोणी रागावले की ढिला पडतोस. तो राग जरा आत येऊ दे. त्यात खरे किती, ते बघ."

शिष्य बाहेर आला. "शेट, आवळून भागणार नाही. खांब मी चुकीचा निवडला. तो काढून, हाड भरून आल्यावर दुसरा बसवावा लागेल. काही महिने जातील."

व्यापारी तोंडाला येईल ते बोलला. शिष्याला पळून जावेसे वाटत होते. त्याने स्टूल जवळ ओढले आणि समोर बसून सगळे ऐकले. मध्येच एकदा म्हणाला, "खरे आहे."

अखेर व्यापारी दमला. रुमालाने तोंड पुसत म्हणाला, "बरं, मग तोवर सुपारी कशाने फोडू?"

"अडकित्त्याने, शेट."