माथ्यावरचा मुरूम आणि पोटातला दगड

आभाळात एक मोठ्ठा धोंडा होता. केवढा म्हणाल? त्याच्यावर आपला आख्खा जिल्हा मांडला असता, तरी गुरं चारायला जागा उरली असती. सूर्याभोवती गरगर फिरायचं, एवढंच त्याला काम.

त्याच्या माथ्यावर मुरूम बसायचा, ऐटीत ऊन खात. आणि पार पोटात, काळ्याकुट्ट अंधारात, एक दगड होता. लहानपणी तो तापून तापून वितळला होता. मग वरच्या सगळ्यांचं ओझं अंगावर घेऊन तसाच गोठला. एकदा सूर्य बघायचा, एवढाच त्याला ध्यास.

"काय रे पोटातल्या, उजाडलं का तुझ्याकडे?" मुरूम वरून खिजवायचा.

"नाही रे दादा. ऊन कसं असतं, सांग की जरा."

"तुला सांगून काय उपयोग? तू खालचा तो खालचाच!"

एक दिवस दुसरा एक धोंडा आडवा आला. धडाड! माथा फुटला, पोटही फुटलं. मुरूम आणि दगड, दोघंही भिरकावले गेले. फिरत फिरत पृथ्वीकडे आले. आपली हवा लागली मात्र, अंगाची नुसती आग आग झाली.

"अरे धर मला!" मुरूम ओरडला. ओरडतोय तोवर त्याचा भुगा!

दगड वरून करपला, पण आत शाबूत राहिला. धपकन पडला तो गिरजाबाईच्या शेळ्यांपुढे.

"अगंबाई! आभाळातसुद्धा रताळी भाजतात का काय?" गिरजाबाई म्हणाली. तिच्या घराचा पत्रा वाऱ्यानं सारखा उडायचा. तिनं दगड उचलला आणि पत्र्यावर ठेवून दिला. झालं! पोटातला दगड छपरावर चढला आणि पोटभर ऊन खाऊ लागला.

काही दिवसांनी मुरमाचा भुगा हवेत तरंगत तिथं आला. सगळी ऐट उतरलेली.

"टेकू देतोस का रे जरा? लई दमलो."

पत्र्यावरचे बाकीचे दगड खिदळले, "झटक त्याला! आता तू वरचा!"

"झटकू कशाला?" दगड म्हणाला. "ह्याच्यासारख्या वरच्यांच्याच ओझ्याखाली मी घट्ट झालो, नाहीतर माझाही भुगाच झाला असता. ये रे दादा, बस. माझ्या डोक्यावर बसायची तुला सवयच आहे!"

मुरूम लाजला आणि गपचूप बसला. मग दोघांनी मिळून ऊन खाल्लं.

तात्पर्य: वर बसलेल्यानं खालच्याला हिणवू नये; पडायची वेळ आली, की टेकायला तोच लागतो.