नजरेचं माप

“दादाला गोळ्या दिल्या असत्या, तर तो वाचला असता का?”

हा प्रश्न इंद्राने डॉक्टरांना विचारला होता. मामाला विचारला होता. स्मशानातून परतताना एका अनोळखी माणसालाही विचारला होता. कुणी खाली बघितलं, कुणी पाठीवर हात ठेवला.

आता तो टेकडीवरच्या दर्ग्यात म्हाताऱ्या चाँदबाबांसमोर उभा होता. गावात म्हणत, हा फकीर उत्तर देत नाही, कामाला लावतो.

बाबांनी त्याला पायरीवर बसायची खूण केली.

इंद्राला गप्प बसणं जमत नसे. तो भडाभडा बोलत सुटला. थोरला भाऊ दिनकर उदासीच्या आजाराने भिंतीकडे तोंड करून पडला, तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. गोळ्या, नाहीतर दर आठवड्याला कोल्हापुरात एका बाईंकडे मनातलं बोलायला जायचं. दोन्ही मिळूनही चालतं, म्हणाले होते. गोळ्यांची सवय लागते, असं कुणीतरी सांगितलं आणि इंद्राने तडकाफडकी बोलण्याची वाट धरली. स्वतः दादाला एसटीत खिडकीजवळ बसवून न्यायचा. येताना विचारायचा, कसं वाटलं? दादा म्हणायचा, बरं वाटलं रे.

मग दादाचं खाणं सुटलं. वैशाखात साधा ताप आला. तेवढाही त्याला पेलला नाही.

आणि आता वहिनी. दूध डोळ्यांदेखत उतू जातं, ती बघत राहते. तोच आजार आहे, डॉक्टर म्हणाले. बरा होतो, पण उशीर करू नका. पुन्हा त्याच वाटा. घरी बोलून ठरवा आणि या.

“या खेपेला गोळ्याच द्यायच्या का? एवढंच सांगा, बाबा. परत चुकलो तर...”



बाबांनी त्याच्या हातांकडे बघितलं. अंगठ्यावर सुताचे वळ होते, नखांत कातड्याचा रंग होता.

“चपला करतोस?”

“कोल्हापुरी. आमच्या गल्लीत असा हात दुसरा नाही.”

“मग तोंडापेक्षा हात बरा असेल. मला एक जोड करून आण.”

बाबांनी पाय पुढे केले. इंद्रा तोवर उठलाही होता. आपल्या नजरेतच माप बसतं, म्हणाला, आणि टेकडी उतरला.

दादाला दिवाळीला चपला करायच्या म्हणून राखून ठेवलेलं कातडं त्याने कापलं. जीव ओतून जोड केला. बारीक वेणी घातली, लाल गोंडा लावला, तेल पाजलं.

जोड पिशवीत घालून तो पुन्हा टेकडी चढला. बाबांनी चपला पायांत घातल्या.

“कशा आहेत?”

“चांगल्या आहेत.”

बाबांनी घागर उचलली. खालच्या विहिरीवर गेले, पाणी घेऊन वर आले. पायरीवर बसून त्यांनी चपला काढल्या. करंगळी सोलून निघाली होती. टाचेवर रक्त होतं.

इंद्रा चपापला. “नवी चप्पल चावतेच, बाबा. चार दिवसांत बसेल.”

“नवी म्हणून चावते, की मापाची नाही म्हणून? कसं ओळखायचं?”

“ते पायालाच...”

इंद्रा थांबला.

खाली गावात कुणीतरी शेरडं हाकत होतं. बाबा ओल्या फडक्याने टाच पुसत राहिले.

“मग मघाशी चांगल्या आहेत असं का म्हणालात?”

“तू इतक्या मायेनं आणल्यास. कसं सांगणार?”

...

इंद्राला एसटीची खिडकी दिसली. खिडकीला टेकलेलं दादाचं डोकं दिसलं. आपण विचारायचो, तेव्हा तो मान वळवून हसायचा, आणि त्या हसण्याला किती कष्ट पडत होते ते आता दिसलं. बरं वाटलं रे. तो हे कुणासाठी म्हणत होता?

तो पायरीच्या खाली मातीत बसला. नाक बाहीला पुसलं. बाबांचा सोललेला पाय हलकेच उचलून मांडीवर घेतला. पिशवीतून पुठ्ठा काढला, पेन्सिल काढली. घरी गिऱ्हाइकाचं माप घेताना दादा जसं मान खाली घालून विचारायचा, तसं त्याने विचारलं, घाई न करता.

“कुठं लागतंय?”

बाबांनी पाय मागे घेतला.

“प्रश्न बरोबर आहे, बेटा. पाय माझा नव्हे. घरी जाऊन विचार.”