हातोड्याचं वळण

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा नववीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. घाटात थांबलेले पाहुणे विचारतात, इथे साखळीला हातोडा का बांधलाय? अनोळखी माणसांशी बोलायला मला जमत नाही. म्हणून गावातल्या म्हाताऱ्या सोनाकाकूंनी सांगितलं तसं लिहून ठेवतो.

खडकवणीचा घाट उतरताना मधल्या वळणावर डाव्या हाताला दरी आहे, उजव्या हाताला एक शिळा. शिळेच्या कडीला हा हातोडा. बैलगाडी असो, जीप असो की दुधाचा टेम्पो, उतरणारा इथे थांबतो, फडक्याने चाक कोरडं पुसतो आणि एकदाच ठोकतो. रबरी चाकाला ठोकून काय कळणार, म्हणून कोणी हसलं तरी ड्रायव्हर ठोकूनच पुढे जातो.

असं सांगतात, की पहिल्या महायुद्धात गावचा तातोबा लोहार इंग्रजांच्या पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडे गेला होता. तिथे तोफेचं चाक निखळलं, तेव्हा गोळ्यांच्या माऱ्यात बसून त्याने ते परत चढवलं. सरकारने त्याला बिल्ला दिला. गावी आल्यावर लोक त्याला हवालदार म्हणू लागले. त्याने मात्र बिल्ला खुंटीला टांगला आणि घाटाच्या माथ्यावर भट्टी लावली. देवीपुढे शब्द दिला, की मी ठोकल्याशिवाय एकही चाक हा घाट उतरणार नाही. लाकडी चाकावरची धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, घट्ट असली की आवाज खणखणीत येतो, सैल असली की बद्द. बद्द वाजलेली गाडी तो सोडत नसे, मग ती पाटलाची का असेना.

एका वैशाखात गोदा नावाच्या नवरीची गाडी आली. तिचा मामा शिरपा हाकत होता. लग्न खालच्या गावात, मुहूर्त दुपारचा. उन्हाने चाकांचं लाकूड आटलं होतं, धाव हलत होती. हवालदार अडवणार हे मामाला ठाऊक होतं. म्हणून त्याने वाटेतल्या डबक्यात चाकं भिजवून घेतली. ओलं लाकूड फुगतं आणि धाव तेवढ्यापुरती आवळून बसते.

"हवालदार, ठोका आन् सोडा. मुहूर्त काय तुमच्या भट्टीपाशी थांबत न्हाई."

"नवरीपरास मामालाच घाई दिसतीया," तातोबा म्हणाला. त्याने ठोकलं. आवाज खणखणीत आला. "जावा."

गाडी उताराला लागली. तातोबा हातोडा खाली ठेवणार, तोच त्याला हातोड्याच्या तोंडाला चिखल दिसला. वैशाखात चाकाला चिखल कुठला? त्याने हाक मारली, पण उतारावर भरली गाडी बैलांना आवरत नाही. हातोडा तसाच हातात धरून तो पायवाटेने सरळ खाली धावला.

वळणावर पोचला तोवर वरवर फुगलेलं लाकूड उन्हाने आणि उताराच्या धक्क्यांनी पुन्हा सैल पडलं होतं. दरीकडच्या चाकाची धाव निसटली, आरे फाकले, गाडी दरीकडे कलली. तातोबा आसाखाली शिरला आणि खांदा दिला.

"एकेक उतरा. उड्या टाकू नगा, गाडी जाईल."

आधी पोरं उतरली, मग बायका. गोदा शेवटी राहिली. तिचा शालू खिळ्यात अडकला होता.

"फाड त्यो, पोरी," खालून आवाज आला. तिने फाडला आणि उतरली.

मामाने बैल सोडले. वऱ्हाडातल्या माणसांनी गाडी ओढून वाटेवर घेतली. तातोबा तिथेच उभा होता, खांदा तसाच वर. मामाने हात लावला. भर उन्हात अंग थंडगार होतं. प्राण जाऊन बराच वेळ झाला होता, म्हणे. मग शालू फाड म्हणून आत्ताच कोण बोललं, हे कोणाला सांगता आलं नाही.

तातोबाच्या बायकोने बिल्ला चितेवर ठेवला. लोक हातोडाही ठेवायला निघाले, तेव्हा तिने तो काढून घेतला. "बिल्ला त्येंचा. हातोडा वाटंचा."

मामाने तो इथे साखळीने बांधला. दुसऱ्या मुहूर्तावर गोदाची गाडी पुन्हा निघाली, तेव्हा या वळणावर ती स्वतः खाली उतरली. फाटक्या शालूने चारी बाजूंनी चाक पुसलं आणि ठोकलं. गोदा म्हणजे सोनाकाकूंची आई.

आजही इथे चाक पुसल्याशिवाय कोणी ठोकत नाही. परवा हातोड्याचा दांडा हलायला लागला. मी सुतारकाम करतो, म्हणून काकूंना विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी हे सारं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "काय न्हाई, रातभर पाण्यात टाक. फुगंल आन् बसंल घट्ट." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी नुसती मान हलवली. नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाभळीचा वाळलेला नवा दांडा तासला, कोरडाच बसवला, पाचर मारली आणि हातोडा वळणावर नेऊन अडकवला. तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरने चाक पुसलं, हातोडा उचलला. मी शिळेपाशी उभा राहून दांड्याकडे बघत होतो. त्याने ठोकलं. दांडा हलला नाही.