फळीवरची चौथी ओळ

जिला अंथरुणातून उठता येत नाही, तिनं पंगतीला यायचं कसं? हे मी वाढप्याला विचारलं, पहारेकऱ्याला विचारलं. दोघांनीही दारावरच्या फळीकडे बोट दाखवलं.

एका दुष्काळात आमच्या गावी सरकारी अन्नछत्र होतं. दारावर फळी आणि फळीवर कायद्याच्या तीन ओळी. शेवटची अशी: अन्न पंगतीतच खावे, बाहेर नेऊ नये. माझी थोरली बहीण ठकू तापानं पडून होती. चौथ्या दिवशी मी अर्धी भाकरी बंडीत लपवली. पहारेकऱ्यानं ती काढून घेतली.

"पोट भरलं ना तुझं? मग चोरी कशाला रे?"

सहाव्या दिवशी ठकू गेली. तिला माती देऊन मी थेट छत्रावर गेलो, फळी उपटली आणि दगडावर आपटली.

पहारेकऱ्यानं माझं मनगट धरलं. तेवढ्यात छत्राचा म्हातारा कारभारी बाहेर आला. त्यानं मला सोडायला लावलं, फळीवरची धूळ पुसली आणि दौत-बोरू माझ्यापुढे ठेवले.

"खाली जागा आहे. लिही."

"काय लिहू? माझी बहीण मेली!"

"म्हणूनच." त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "जुन्या दुष्काळात आधी फक्त गावकऱ्यांना वाढत. परगावची एक बाई याच दारात मेली, तेव्हा 'परक्यासही वाढावे' असं लिहिलं गेलं. मग ठरलं, खडी फोडेल त्यालाच अन्न. माझ्या आईला हातोडा उचलेना. 'काम न झेपणाऱ्यासही वाढावे' ही ओळ ती मेल्यावर मी लिहिली."

"आणि तिसरी?"

"काही बाप पोरांच्या नावानं भाकरी नेऊन बाजारात विकत. पोरं मेली. म्हणून तिसरीही मीच घातली."

"म्हणजे ठकूला तुम्हीच मारलंत."

"हो," म्हातारा म्हणाला. "आम्ही जेवून लिहायला बसतो, बाळा. दारापर्यंत येतो तेवढाच आम्हाला दिसतो. जो पोचलाच नाही, त्याची खबर मागे उरलेल्यानं आणावी लागते. ती नेहमी उशिरा येते."

"मला धड लिहिता येत नाही, बाबा."

"आईची ओळ लिहिली तेव्हा मलाही येत नव्हतं."

मी लिहिलं: जो येऊ शकत नाही, त्याचे ताट त्याच्या घरी न्यावे. दोन अक्षरं चुकली. त्यानं ती सुधारली नाहीत.

पहिलं झाकलेलं ताट मीच नेलं. आमच्या बंद दारावरून पुढे, पांगळ्या कासारणीच्या घरी.

"कुणी धाडलं रे?" तिनं विचारलं.

"ठकूनं."

तिचा शेवटचा घास होईपर्यंत मी उंबऱ्यात बसून राहिलो. बहिणीसाठी मी केलेलं ते शेवटचं काम.