डाव्या बाजूचं दार

“मग आज का न्हाई, महाराज? अजून काय राहिलंय माझ्यात?”

केवलबुवा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

श्रीपती मठात राहिला त्याला आता बरेच दिवस झाले होते. झाडलोट तोच करायचा, आणि डोंगराखालून शिधा आणायला मठाची जुनी जीपही तोच न्यायचा. घरचं गॅरेज. गाडीच्या कामात आपण कुणाला हार जात नाही, हा तोरा मठात येऊनही सुटला नव्हता. आज त्याला दीक्षा हवी होती.

आणि नेमका आजच सकाळी निरोप आला. थोरला भाऊ पायथ्याशी येऊन बसलाय. दमा बळावलाय, चढ चढवत नाही.

“खाली तुझा दादा आलाय म्हणं,” बुवा म्हणाले.

“येऊ दे. माझं त्याच्याकडं काय राहिलं न्हाई.”

“राग?”

“रागबी न्हाई. आई गेली तवा त्यानं वेळेत कळवलं न्हाई. मातीला पोचलो न्हाई मी. पर ते मनातनं कवाच मिटवून टाकलं.”

“त्याचं काय म्हणणं हुतं?”

“इचारलं न्हाई... गरज वाटली न्हाई.”

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“बरं. जीपचं डावं दार नीट कर. मग दीक्षेचं बोलू.”

श्रीपतीला आधी हसू आलं, मग चीड आली. त्या दाराचं लॉक कधीचं गेलं होतं. दार दोरीने बांधलेलं असायचं. पण डावीकडे बसायचं कोण? जाता-येता तो एकटाच. दीक्षेचा आणि दाराचा संबंध काय?

पण बुवांचा शब्द. नवं लॉक त्याने मागच्या बाजारी आणून ठेवलंच होतं. दोरी सोडली, जुनं लॉक खोललं, नवं बसवलं, स्क्रू आवळले. मग पेचकसाच्या टोकाने ते दाबून पाहिलं. खट्. झकास मिटलं. श्रीपती स्वतःवरच खूश झाला.

त्याने दार लावलं. दार परत आलं.

जोरात लावलं. तरी परत आलं.

मग मात्र त्याचं डोकं फिरलं. त्याने अंगातला सगळा जोर काढून दार आपटलं. मठावरची कबुतरं उडाली. चौकटीचा रंग उडाला. दार उघडंच.

“खराब माल गळ्यात मारला दुकानदारानं!”

बुवा काठी टेकत आले. त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, लॉकपाशी थांबवलं.

“ह्ये तर मिटलंय की.”

श्रीपती वाकला. चौकटीतल्या खुंटीला धरणारा लॉकचा जबडा, दार सताड उघडं असतानाच मिटून बसला होता. मघाशी त्यानेच मिटवला होता. आता खुंटी आत शिरणार कुठून?

त्याचे कान तापले. गॅरेजातलं शेंबडं पोरही अशी चूक करत नाही.

“मग आता रं?”

“बाहेरनं हँडल वढायचं. जबडा उघडतो. मग दार हळू लावलं तरी बसतंय.”

“म्हंजे लावायचं, तर आधी उघडायचं?”

“व्हय.”

“कुणी शिकवलं तुला ह्ये?”

श्रीपतीचा हात हँडलकडे गेला.

ग्रीसने माखलेला एक हात त्याला आठवला. लहानपणी त्या हाताने त्याची बोटं धरून हँडलवर ठेवली होती. आपटू नगं रं बाळा, आधी ह्ये वढ. किती वर्षांत कुणी त्याला बाळा म्हटलं नव्हतं.

“...दादानं.”

श्रीपतीने हँडल ओढलं. जबडा उघडला. त्याने तळव्याने दार नुसतं पुढे सारलं, आणि ते बसलं.

त्याने दारावरचा हात काढला नाही.

“महाराज... मग दीक्षा?”

बुवा ओसरीकडे वळले होते. पाठमोरेच म्हणाले,

“डावीकडं बसवून वर आण त्याला... दार हळू लाव.”