गडावरच्या दोन दोऱ्या

फार पूर्वीची गोष्ट. गड नेमका कुठला, ते आता खात्रीनं आठवत नाही. दोऱ्या दोन होत्या एवढं मात्र नक्की, निदान तसं वाटतं. त्या गडावर एक किल्लेदार होता आणि त्याचा कुणावरही विश्वास नव्हता.

गडाची रीतच तशी होती. कोण हेर निघेल सांगता येत नाही, म्हणून कशावरही पुरतं लिहायचं नाही, आणि कुणी काही विचारलंच तर आधी त्याला कोठडीत टाकायचं. पाण्याच्या टाक्याशेजारी दोन दोऱ्या लोंबत. दोन्हींवर किल्लेदाराच्या हातची सारखीच चिठ्ठी होती : ‘पाणी. वेळ पडल्यास ओढावी.’ गडावर वाढलेल्यांना कुठली कधी ओढायची ते ठाऊक होतं.

माणसं फितूर होतात, म्हणून किल्लेदारानं खालच्या गावातल्या सुताराकडून एक लाकडी गडी करवून घेतला. गडी हुकूम पाळी आणि लिहिलेलं वाची.

“चिठ्ठीवर असेल तेवढंच याला कळतं, सरकार,” सुतारानं बजावलं होतं.

“बरंय की! जास्त कळणारेच घात करतात.”

एका दुपारी धान्याच्या कोठाराला आग लागली. “पाणी सोड!” किल्लेदार ओरडला. गडी धावला, त्यानं दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि एक दोरी ओढली. कोठाराकडे थेंबही आला नाही. टाक्यातलं पाणी धो धो कड्यावरून खाली गेलं आणि कोठार जळून गेलं.

किल्लेदारानं सुताराला बांधून गड्यासह कड्यावर आणवलं. “बोल सुताऱ्या, शत्रूनं काय दिलं तुला?”

“काही नाही, सरकार.”

“मग यानं नेमकी तीच दोरी कशी ओढली?”

“चिठ्ठीवर ‘पाणी’ लिहिलं होतं,” लाकडी गडी म्हणाला.

“बघा! पढवलेला पोपट!” किल्लेदार कडाडला. “ढकला दोघांनाही!”

सुतार म्हणाला, “ढकला, सरकार. पण आधी त्या चिठ्ठ्या सोडवून आणा आणि कुठली कुठल्या दोरीची, ते तुम्हीच सांगा.”

यातही काही डाव असणार, असं किल्लेदाराला वाटलं. पण शिपाई बघत होते. त्यानं चिठ्ठ्या मागवल्या, उलटसुलट करून पाहिल्या, उन्हात धरल्या. अक्षर त्याचंच होतं.

“दोऱ्या बघितल्याशिवाय कसं सांगणार?” तो पुटपुटला.

“याला तर दोऱ्या बघूनही कळत नाही, सरकार. हा काही गडावर जन्मला नाही.”

“मग त्यानं विचारायचं होतं!”

“इथे?” सुतार म्हणाला. मागे कुणीतरी खोकून हसू दाबलं.

किल्लेदारानं दोन्ही चिठ्ठ्या चुरगाळल्या. स्पष्ट लिहावं तर हेराच्या हाती गड जायचा. न लिहावं तर उद्या दारूगोळ्याचं कोठारही असंच जायचं. शेवटी त्यानं सुताराचे दोर सोडवले, पण त्याच्यावर पाळत ठेवली, आणि कपाळाला आठ्या घालून नव्या चिठ्ठ्या लिहिल्या.

एक : ‘ही ओढली की पाणी पन्हळीतून कोठारांवर येतं. आग लागली तर हीच ओढावी.’

दुसरी : ‘ही ओढली की टाकं रिकामं होऊन पाणी कड्यावरून खाली जातं. गाळ काढतानाच ओढावी. आगीच्या वेळी कधीही नाही.’

पुढच्या उन्हाळ्यात दारूच्या कोठाराशेजारी गवताची गंजी पेटली. घाबरलेल्या किल्लेदाराच्या तोंडून पुन्हा तेवढेच दोन शब्द निघाले. गड्यानं दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि पहिली दोरी ओढली. गड वाचला. त्या दिवशी सुतारावरची पाळत उठली.

तरी हेराची धास्ती किल्लेदाराच्या मनातून गेली नाही. पुष्कळ वर्षांनी तह झाला आणि शत्रूचा सरदार गडावर जेवायला आला. भात कालवता कालवता तो हसत म्हणाला, “तुमच्या त्या दोऱ्या आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होत्या हो! दर उन्हाळ्यात गाळ काढायला तुम्ही टाकं रिकामं करायचात आणि खाली आमचे घोडे पाणी प्यायचे.”

किल्लेदाराचा अर्थातच विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत स्वतः खाली उतरला. कड्याच्या बरोबर पायथ्याशी, पाणी पडायचं तिथेच, घोड्यांना पाणी पिण्यासाठी कोरलेली दगडी डोणी होती. तिचे काठ झिजून गुळगुळीत झाले होते.

तात्पर्य : हुकमाच्या ताबेदाराच्या हाती साधन द्यायचं तर ते काय करतं, कधी वापरायचं आणि कधी नाही, हे स्पष्ट लिहावं. मोघम लिहिल्यानं शत्रू फसत नाही, आपलाच माणूस फसतो.