कृष्णाचं नाव आणि लावणीची चिठ्ठी

मंडळी, विश्वास कुणावर ठेवाल, डब्यावरच्या चिठ्ठीवर की ती लिहिणाऱ्यावर? चाळीस वर्षं मसाले विकलेत, म्हणून लिहिणारा कोण ते मी आधी बघतो.

मिरजेतल्या एका वाचनालयाला गाण्यांच्या जुन्या तबकड्या भेट मिळाल्या. ग्रंथपाल इंदुमतीबाईंनी एकेक ऐकून तिच्यावर प्रकाराची चिठ्ठी लावली: अभंग, पोवाडा, लावणी. अध्यक्ष अप्पासाहेब भडकले.

"आपल्या संस्थेत लावणी? अहो, प्रत्येकीत कृष्ण आहे. भक्तिगीत लिहा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"नाव कृष्णाचं असलं तरी ठसका लावणीचाच आहे, साहेब."

"सांगितलं तेवढं करा."

बाईंनी निमूट चिठ्ठ्या बदलल्या. मग नम्रपणे म्हणाल्या, "रामनवमीला तुमच्या देवळात कर्ण्यावर भक्तिगीतं लागतात ना? भक्तिगीतांचं हे अख्खं कपाट पाठवते. पुजारीबुवा चिठ्ठी वाचून लावतील."

अप्पासाहेबांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाई, जुन्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीत ना?"

"टेबलावरच ठेवल्यात, साहेब. डिंकही आणलाय."

तेव्हा मंडळी, तुमच्याही डब्यावर आत जो माल असेल तोच लिहा, एवढी विनंती.